रविवारची कुलपे आणि वैनगंगेकाठची संध्याकाळ

जर्मनीत नव्याने राहावयास गेलेल्या भारतीय कुटुंबाला पहिला धक्का बसतो तो बहुधा रविवारी. शनिवारी किराणा भरावयाचा राहून गेला, तर रविवारी शहरभर हिंडूनही तो मिळत नाही. किराण्याची मोठी दालने, कापडाची दुकाने, फर्निचरची दुकाने, सर्वांना कुलपे. रेल्वे स्थानकातील काही दुकाने, पेट्रोल पंप, पाळीपाळीने उघडे राहणारे एखादे औषधांचे दुकान आणि सकाळी काही तास चालणारी बेकरी, एवढाच काय तो अपवाद. घरात ड्रिल चालवावयाचे नाही, गवत कापण्याचे यंत्र लावावयाचे नाही, रिकाम्या बाटल्यासुद्धा रस्त्यावरच्या पेटीत टाकावयाच्या नाहीत. कारण काच फुटण्याच्या आवाजाने शेजाऱ्यांची शांतता मोडते. मग लोक करतात तरी काय? आजी-आजोबांकडे जेवावयास जातात, मुलांना घेऊन रानवाटांनी पायी फिरतात, दुपारी कॉफीबरोबर केकचा तुकडा घेऊन तास-दोन तास नुसते बोलत बसतात.

व्यापारी घरात वाढलेल्या माणसाला हे दृश्य अधिकच चमत्कारिक वाटते. गिऱ्हाइकाला सुट्टी आहे, त्याच्या खिशात पैसे आहेत आणि नेमके त्याच दिवशी दुकान बंद! परंतु काही महिने गेले की या रिकाम्या दिवसाचे स्वरूप ओळखीचे वाटू लागते. असा दिवस कोठेतरी पाहिलेला असतो, असे जेवण कोठेतरी जेवलेले असते. विदर्भातील लहान गावांतून गेलेल्यांना तर ते ठिकाणही नेमके आठवते. ते असते भाताच्या बांध्यांच्या आणि तलावांच्या प्रदेशातील, पुढे दुकान व मागे घर असलेले एखादे जुने घर.

तलावांचा जिल्हा

नागपूरहून पूर्वेस साधारण साठ किलोमीटर गेले की भंडारा लागते. कारध्याच्या पुलाखालून वैनगंगा वाहते. १ मे १९९९ रोजी गोंदिया वेगळा झाल्यानंतर जिल्ह्यात भंडारा, मोहाडी, तुमसर, साकोली, लाखनी, लाखांदूर आणि पवनी असे सात तालुके उरले. २०११ च्या जनगणनेनुसार येथील लोकसंख्या सुमारे १२ लाख असून तीतील पाचांपैकी चार माणसे खेड्यांत राहतात. भंडारा पितळी भांड्यांसाठी नावाजलेले, तुमसर तांदळाच्या बाजारपेठेसाठी. पवनीला १९६९-७० मध्ये झालेल्या उत्खननात प्राचीन बौद्ध स्तूपांचे अवशेष मिळाले. वैनगंगेच्या काठी दोन हजार वर्षांपूर्वीही भरती वस्ती होती, हे त्यावरून दिसते.

पूर्व विदर्भातील अशा बाजारपेठांत जैन कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या स्थिरावली आहेत. कोणाचे पूर्वज राजस्थानातून आले, कोणाचे गुजरातेतून, कोणाचे बुंदेलखंडातून. कापड, किराणा, भांडी, सराफी, धान्य हे त्यांचे व्यवसाय. घरात एक बोली, दुकानात मराठी आणि खेड्यातून आलेल्या गिऱ्हाइकाशी त्याची झाडीबोली, अशा तीन भाषांत मुले सहज वाढत. शाळेतून आलेले मूल दप्तर टाकून पोत्यांच्या थप्पीवर बसे. पाढे म्हणता म्हणता पायली-कुडवाचे मापही शिके. आत स्वयंपाकघर, बाहेर गल्ला आणि मध्ये एक पडदा. वडील कामावर गेले असे त्या घरात कधी म्हणावे लागत नसे, कारण काम आणि वडील दोन्ही हाकेच्या अंतरावर असत.

सायंकाळ झाली की घड्याळापेक्षा सूर्याकडे लक्ष जाई. सूर्यास्तापूर्वी जेवण उरकावयाचे, हा घरातील न लिहिलेला नियम. दुकान मोकळे सोडता येत नसे, म्हणून आधी काका जेवून घेत आणि गल्ल्यावर येऊन बसत. मग वडील आत जात. मुले, आजोबा, पाहुणे सर्व एका पंगतीला. दिवा लागण्यापूर्वी चूल शांत झालेली असे. त्यानंतर आजी प्रतिक्रमणाला बसे, मुले अंगणात खेळत आणि झोपेपर्यंत कितीतरी वेळ कोणाच्याही मालकीचा नसलेला असा उरे. पाणी भरतानाही घाई चालत नसे. ते दुहेरी फडक्यातून गाळावयाचे, फडक्यावर राहिलेली जिवाणी ज्या विहिरीचे पाणी त्याच विहिरीत अलगद परत सोडावयाची. एका कळशीला किती वेळ द्यावा, हे तेथे जीवदयेने ठरविले होते.

संथपणा आला कोठून

त्या जीवनाची संथ लय केवळ स्वभावातून आलेली नव्हती. तिच्यामागे पीक होते, पाऊस होता आणि व्रत होते. भंडाऱ्याचा व्यापार भाताच्या मागोमाग चाले. मृग बरसला की पऱ्हे टाकावयाचे, आषाढात चिखलणी करून रोवणी करावयाची आणि मग दिवाळीच्या सुमारास धान हाती येईपर्यंत वाट पाहावयाची. या चार महिन्यांत शेतकऱ्याच्या हाती रोकड नसे. दुकानात उधारी वाढे, विक्री मंदावे, नाल्यांना पूर आला की खेड्यांच्या वाटा बंद होत.

नेमका हाच काळ चातुर्मासाचा. पावसाळ्यात भूमीवर जीवसृष्टी वाढते, पावलाखाली हिंसा घडू नये म्हणून साधू-साध्वी विहार थांबवून एका गावी राहतात. ज्या महिन्यांत व्यापाऱ्याला फावला वेळ असे, त्याच महिन्यांत गावी प्रवचन असे, मुलांची पाठशाळा भरे, पर्युषण आणि दशलक्षण पर्व येई. शेतकऱ्याची प्रतीक्षा, व्यापाऱ्याचा विसावा आणि साधूचा स्थिरवास या तीन गोष्टी एकाच पावसाने जुळविल्या होत्या. पुढे दिवाळीला भगवान महावीरांचे निर्वाण कल्याणक आणि वहीपूजन होई. नंतर गावोगावी मंडई भरे. लेकी-जावई, पाहुणे-राऊळे गोळा होत, रात्रभर दंडार आणि नाटके चालत, धान विकून आलेला पैसा बाजारात फिरू लागे. धावपळीचे दिवस असत. परंतु ते वर्षातील काही आठवडे असत. बारा महिने तेरा त्रिकाळ धावावे, अशी अपेक्षा कोणी कोणाकडून करीत नसे.

तलावांची गोष्टही अशीच. गोंड राजांच्या काळापासून कोहळी समाजाने या प्रदेशात मोठमोठे तलाव आणि लहान बोड्या बांधल्या. पाण्याची पाळ कोणी राखावयाची, गाळ कधी काढावयाचा, कोणत्या बांधीला आधी पाणी द्यावयाचे, हे गावाने ठरविलेले असे. १९५१ मध्ये मालगुजारी संपली आणि हे तलाव शासनाकडे गेले. आज त्यांना माजी मालगुजारी, म्हणजेच थोडक्यात 'मामा तलाव' म्हणतात. जमीनदारीचा अंत योग्यच होता. पण सामुदायिक देखभालीची जुनी घडीही त्याबरोबर विसकटली आणि अनेक तलाव गाळाने भरत गेले. जे सर्वांचे, ते राखण्यासाठी सर्वांनी थोडा थोडा वेळ काढावा लागतो. तो वेळ काढणे थांबले की तलाव आटतो. कुटुंबातील संध्याकाळही याच नियमाने आटते.

जमा आणि नावे

बालपणाची आठवण मांडताना जमेची बाजू तेवढी लिहिली तर ती वही खोटी ठरते. नावेची बाजूही तेथे मोठी होती. सूर्यास्तापूर्वी वीस माणसांचे जेवण तयार होत असे, कारण घरातील स्त्रिया पहाटे चारला उठत. पाणी शेंदणे, दळणे, कांडणे, धुणे हे सर्व त्यांच्याच अंगावर. संथ संध्याकाळ पुरुषांच्या आणि मुलांच्या वाट्याला अधिक येई; सुनेच्या वाट्याला ती क्वचितच येई. कितीएक मुलींचे शिक्षण त्या प्रेमळ घरातच अर्धवट थांबले. रोवणीच्या दिवसांत कमरेतून वाकून दिवसभर चिखलात उभ्या राहणाऱ्या मजूर बायांना पावसाळा विसाव्याचा वाटणे शक्यच नव्हते. रात्री कोणी आजारी पडले, तर डॉक्टर दूर आणि वाट बंद. अनेक घरांतील साधेपणा हा निवडलेला नव्हता. दुसरे काही मिळत नव्हते म्हणून तो होता.

परदेशातील संथपणालाही अशी दुसरी बाजू आहे. रविवारी जर्मनीत दुकाने बंद असली, तरी रुग्णालयातील परिचारिका, बसचा चालक, अग्निशमन दलाचा जवान कामावर असतोच. शांत घरांपैकी कितीतरी घरांत एकटी म्हातारी माणसे राहतात. आणि भारतातून गेलेल्या कुटुंबात पंगत मांडली, तरी तिच्यात आजोबा नसतात. मुलाला गोष्ट सांगणारी आजी पडद्यावर दिसते, हाताला लागत नाही.

तरीही दोन्ही वह्या शेजारी ठेवल्यावर एक फरक ठळकपणे पुढे येतो. भंडाऱ्याची संथ संध्याकाळ रूढीवर, पिकावर आणि बऱ्याच अंशी अभावावर टिकून होती. वीज आली, डांबरी रस्ते झाले, दूरदर्शन आले, मग मोबाईल आला. अभाव संपला आणि त्याबरोबर संध्याकाळही गेली. जर्मनीचा रविवार मात्र समृद्धी आल्यानंतरही टिकला, कारण समाजाने तो जाणीवपूर्वक राखला. रविवार हा कामापासून विश्रांतीचा आणि मनाच्या उन्नतीचा दिवस म्हणून सुरक्षित राहील, अशी तरतूद १९१९ च्या वायमार राज्यघटनेत होती. १९४९ च्या मूलभूत कायद्याने ती तशीच स्वीकारली. बर्लिन राज्याने नाताळपूर्व चारही रविवारी दुकाने उघडी ठेवण्याची मुभा दिली, तेव्हा तेथील घटना न्यायालयाने १ डिसेंबर २००९ रोजी ती घटनाविरोधी ठरविली. वर्षातील सर्वांत मोठ्या खरेदीचे ते दिवस होते, ही गोष्ट व्यापारी वाचकाने विशेष लक्षात घ्यावी.

तेथील शहरांच्या कडेला भाड्याने मिळणाऱ्या छोट्या बागा असतात. १९८३ च्या कायद्याने अशा बागेचे क्षेत्र ४०० चौरस मीटरपेक्षा अधिक नसावे आणि तीतील झोपडी २४ चौरस मीटरपेक्षा मोठी नसावी, अशी मर्यादा घातली आहे. बाग नुसती शोभेची ठेवता येत नाही. तीत भाजीपाला, फळेही पिकवावी लागतात. फ्लॅटमध्ये राहणारी कुटुंबे सुट्टीच्या दिवशी तेथे जाऊन वाफे खणतात. वाल, भोपळा आणि तोंडलीचे मांडव असलेल्या परसात ज्यांचे बालपण गेले, त्यांना हे सुख समजावून सांगावे लागत नाही.

डिसेंबरमधील साडेतीन

परदेशी गेलेल्या जैन कुटुंबाला सूर्य नव्याने शिकावा लागतो. भंडाऱ्यात जूनमध्ये सूर्य सातच्या सुमारास मावळतो, तर डिसेंबरच्या प्रारंभी साडेपाचच्या सुमारास; वर्षभरात फरक काय तो दीड तासाचा. बर्लिनमध्ये जूनचा सूर्य रात्री साडेनऊपर्यंत आकाशात असतो आणि डिसेंबरमध्ये दुपारी चार वाजण्यापूर्वीच अस्त पावतो. उन्हाळ्यात चौविहार पाळणे अगदी सोपे. पण मुलांना झोपवावयाचे कसे हा प्रश्न. हिवाळ्यात मुले शाळेत, आई-वडील कचेरीत आणि सूर्य तर निघून गेलेला. ज्यांचा नियम कडक ते दुपारच्या डब्यावर दिवस काढतात. काही जण आपल्या शक्तीप्रमाणे नियमाची मर्यादा ठरवून घेतात.

मात्र रविवार मोकळा असतो. त्या दिवशी दुपारी साडेतीनला सर्व कुटुंब उजेडात एकत्र जेवावयास बसते. बाहेर थंडी, दुकाने बंद, कोठे जावयाची घाई नाही. वरण-भाताचा वास घरभर दरवळतो. झाडीपट्टीतल्या चिन्नोरच्या सुगंधाची सर त्या तांदळाला नसते, पण पंगत तीच असते. संथ जीवनाच्या ओढीने परदेशात गेलेल्या माणसाला बालपण आठवते ते अशा वेळी. युरोपचे सौंदर्य पाहून ती आठवण येत नाही. सूर्याला विचारून जेवावयास बसले की येते.

याच वेळी भंडाऱ्यात रात्रीचे आठ वाजलेले असतात. मुलगा घरी फोन लावतो. नातू पडद्यावर हात हलवितो. पलीकडे आजोबा अजून दुकानात असतात. 'थांब बेटा, गिऱ्हाईक आहे,' असे म्हणून फोन गल्ल्याशेजारी उपडा ठेवला जातो आणि नातवाला छताचा पंखाही न दिसता नुसता अंधार दिसतो. ज्या घराने मुलाला सूर्यास्तापूर्वीची पंगत शिकविली, त्या घरातील संध्याकाळ आता दुकानाकडे गेली आहे, आणि जो दूर गेला त्याच्याकडे मात्र ती पोहोचली आहे. अनेक कुटुंबांत आज हेच घडत आहे.

मर्यादेचा व्यापार

दोष केवळ लोभाचा नाही. शेजारचे दुकान रात्री दहापर्यंत उघडे असेल, मोबाईलवरून मागविलेला माल दारात येत असेल, तर एकट्याने शटर ओढणे परवडत नाही. कायदाही बदलला आहे. १९४८ च्या मुंबई दुकाने व आस्थापना कायद्यात आठवड्यातून एक दिवस दुकान बंद ठेवण्याचे बंधन होते. २०१७ च्या महाराष्ट्राच्या नव्या कायद्याने वर्षाचे सर्व दिवस दुकान उघडे ठेवण्याची मोकळीक दिली. नोकराची साप्ताहिक सुट्टी मात्र कायम ठेवली. म्हणजे त्या कायद्याच्या कक्षेत येणाऱ्या नोकराला विश्रांती आहे. ज्या लहान दुकानात नोकर नाही, घरचीच माणसे बसतात, तेथे मालकाला ती देणारा कोणी नाही. ती त्याने स्वतःच स्वतःला द्यावयाची आहे.

अशी मर्यादा स्वतः घालून घेण्याची कला जैन श्रावकाला नवीन नाही. परिग्रहाचे परिमाण ठरविणे, दिग्व्रताने दिशांची सीमा आखणे, देशावकाशिक व्रताने ती सीमा काही काळासाठी आणखी आवळणे, निरर्थक पापक्रियांपासून दूर राहणे, ही सर्व मर्यादेचीच शास्त्रे आहेत. सामायिक अठ्ठेचाळीस मिनिटांचे. तेवढा वेळ गल्ला, फोन, हिशेब सर्व बाजूस. इटलीत १९९९ मध्ये चार गावांनी एकत्र येऊन 'संथ शहरां'ची चळवळ सुरू केली आणि पन्नास हजारांहून कमी वस्तीच्या गावांना तीत प्रवेश दिला. २०११ च्या जनगणनेत तुमसरची लोकसंख्या सुमारे ४५ हजार आणि पवनीची सुमारे २३ हजार होती. लोकसंख्येच्या कसोटीवर ही दोन्ही गावे त्या चळवळीत बसतील. उरलेल्या कसोट्यांसाठी त्यांना बाहेरून शिकवणी लावण्याची गरज नाही.

जर्मनीच्या रविवारपासून घेण्यासारखी गोष्ट एकच, आणि ती व्यवहाराची आहे. तेथे बंद दुकानाचे नुकसान होत नाही, कारण सर्व दुकाने एकाच वेळी बंद असतात. गिऱ्हाईक पळून जावे तरी कोठे? एकट्याचा नियम हा त्याग ठरतो; पेठेने मिळून केलेला नियम ही सोय ठरते. मामा तलावाची पाळ एका शेतकऱ्याने राखली नव्हती. गावोगावच्या व्यापारी संघांनी ठरविले, तर आठवड्यातून एक संध्याकाळ, निदान चातुर्मासाच्या चार महिन्यांत, सूर्यास्तापूर्वी सर्व पेठ बंद होऊ शकते. हा नियम केवळ जैनांपुरता राहण्याचे कारण नाही. शेजारच्या कोष्ट्याला, कासाराला आणि तेल्यालाही घर असते, नातवंडे असतात. आणि त्या संध्याकाळी स्वयंपाकघरातील स्त्रीलाही विसावा मिळेल, एवढी काळजी मात्र या वेळी घ्यावयास हवी. जुन्या वहीतील ती बाकी अजून फिटलेली नाही.

धंद्याचा हिशेब करणाऱ्यांनी याचाही हिशेब करून पाहावा. आठवड्यातील त्या तीन तासांत किती विक्री होते, ते वहीतून सहज काढता येईल. मग तो आकडा एका बाजूस ठेवावा आणि दुसऱ्या बाजूस, रविवारी बर्लिनहून किंवा म्युनिकहून येणारा तो फोन ठेवावा. पुढच्या खेपेस नातवाने हात हलविला, तर आजोबा अंगणात बसलेले असावेत आणि त्यांच्या समोर गिऱ्हाईक नसावे.